नौपाड्यातल्या टॅक्स ऑफिसात बिटवॉर्डन

पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक एकट्या माणसाच्या हिशोबाने लिहिलेलं असतं. त्याचं जीमेल, त्याची बँक, त्याचं रेल्वेचं तिकीट. माझी गरज वेगळी. ठाण्यात, नौपाड्यात गोखले रोडच्या एका गल्लीत माझं रिटर्न भरून देण्याचं छोटं ऑफिस आहे. मी, दोन मुली, आणि जुलैची गर्दी सुरू झाली की मदतीला येणारा एक कॉलेजचा मुलगा. माझे स्वतःचे पासवर्ड असतील पंधरा-वीस. सांभाळायचे असतात ते लोकांचे: दोनशेच्या वर इन्कम टॅक्सची लॉगिन, त्यातल्या बऱ्याच जणांचं जीएसटी, काहींचं टीडीएस आणि पीएफ, शिवाय दोन-तीन हाउसिंग सोसायट्यांचे ईमेल. हे सगळं पूर्वी एका एक्सेल शीटमध्ये होतं. शीटला पासवर्ड होता, आणि तो ऑफिसात सगळ्यांना पाठ होता. आता ते बिटवॉर्डन नावाच्या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या वापरावरून हे लिहिते आहे.

आधी धंद्यातलं एक उघड गुपित सांगते. नवीन क्लायंट आला आणि त्याने जुन्या अकाउंटंटकडून आणलेली चिठ्ठी पुढे केली, की उघडण्याआधी मी सांगू शकते आत काय असेल. एकतर ‘एबीसीडी अ‍ॅट १२३४’, नाहीतर त्या फर्मचं नाव, मग अ‍ॅट, मग १२३. एका फर्मच्या सगळ्या क्लायंटना एकच. पोर्टल मागतं त्या सगळ्या अटी हा पासवर्ड पाळतो. मोठं अक्षर आहे, आकडा आहे, चिन्ह आहे, हिरवी खूण मिळते. शिवाय फोनवर सांगायला सोपा. त्यामुळे वर्षानुवर्षं कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

पण इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर युजर आयडी म्हणजे पॅन. आणि पॅन गुपित आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जांभळी नाक्यावरून पाच किलो तूरडाळ आणावी आणि बिलाच्या डोक्यावरचा जीएसटी नंबर वाचावा. पंधरा अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे सरळ दुकानदाराचा पॅन. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर तो त्याचा स्वतःचाच पॅन, ज्यावर त्याचं घरकर्ज आणि बायकोबरोबरची एफडी बघता येते. म्हणजे कुलपाचा अर्धा भाग दुकानदार रोज शंभर गिऱ्हाइकांना छापून देतो. उरतो फक्त पासवर्ड.

सरकारी पीडीएफचे पासवर्डही असेच. एआयएसची, म्हणजे इन्कम टॅक्स खात्याकडे असलेल्या आपल्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीची, फाइल उघडायला लहान अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख. ई-आधारला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. फाइल टपालात कोणा परक्याच्या हाती पडली तर ती उघडू नये एवढ्यापुरतं हे ठीक आहे. पण लोक त्यावरून धडा असा घेतात की पासवर्ड म्हणजे नाव आणि जन्मसाल, आणि तेच बँकेला लावतात.

वाशीला एपीएमसीजवळ माझ्या ओळखीचं एक ऑफिस आहे. तिथला एक माणूस नोकरी सोडून गेला, त्याने स्वतःचं काम सुरू केलं. काही महिन्यांनी लक्षात आलं की रिटर्नची मुदत जवळ आली की त्या ऑफिसच्या क्लायंटना त्याचे बरोब्बर फोन जातात, कोणाचं रिटर्न राहिलंय, कोणाचा रिफंड अडकलाय, सगळं त्याला ठाऊक. कसं? पासवर्ड सगळ्यांना एकच होता आणि तो माणूस गेल्यावर बदलायचा तर शे-दीडशे खात्यांत जाऊन बदलायला हवा होता. कोण बदलणार, ऐन सप्टेंबरात? हॅकर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या टोपीतला कोणी रशियन येतो. हा माणूस तर शेजारच्या खुर्चीवर बसून डबा खात होता.

दुसरा धोका लांबचा. तुम्ही कुठल्या तरी खरेदीच्या साइटवर तोच पासवर्ड वापरला आणि ती साइट फुटली, तर यादी बाजारात जाते. रॉकयू नावाची एक कंपनी २००९ मध्ये अशी फुटली. तीन कोटींहून जास्त पासवर्ड, आणि ते जसेच्या तसे, उघडे ठेवलेले. त्यात सगळ्यांत लाडका होता १२३४५६. ती यादी आजही चोर अंदाज बांधायला वापरतात. २०१२ मध्ये लिंक्डइनचे चोरीला गेले. आधी पासष्ट लाख म्हणाले, २०१६ मध्ये कळलं की आकडा ११ कोटींच्या वर होता. शहाणी साइट पासवर्ड उघडा ठेवत नाही, त्याचा हॅश ठेवते. म्हणजे गणिताने केलेलं असं रूप, ज्यावरून मूळ शब्द उलटा काढता येत नाही. पण चोर उलटं जातच नाही. तो घरी बसून अंदाज करतो, प्रत्येकाचा हॅश काढतो आणि जुळतो का बघतो. तीन चुकांनंतर खातं बंद करणारं तिथे कोणी नसतं. फक्त लहान अक्षरांचा, आठ अक्षरी पासवर्ड घेतला तर एकूण शक्यता २०,८८२ कोटी. आकडा मोठा वाटतो. जुन्या पद्धतीचा एमडी५ हॅश असेल तर गेम खेळायचं एक महागडं ग्राफिक कार्ड सेकंदाला दहा हजार कोटींच्या वर अंदाज तपासतं. दोन-तीन सेकंदांत काम तमाम.

बिटवॉर्डनमध्ये एंट्री उघडली की पासवर्डच्या शेजारी एक छोटी खूण असते. ती दाबली की हा पासवर्ड आजवरच्या कुठल्या चोरीच्या यादीत सापडला आहे का ते कळतं. यामागे ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये सुरू केलेली ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सेवा आहे. मला आवडलं ते असं, की तपासताना पासवर्ड बाहेर जातच नाही. त्याच्या हॅशची पहिली पाच अक्षरं तेवढी जातात, तिकडून त्या पाच अक्षरांनी सुरू होणारी सगळी यादी येते आणि जुळवाजुळव आपल्या कॉम्प्युटरवर होते. एका नव्या क्लायंटसमोर मी त्याच्या ‘एबीसीडी अ‍ॅट १२३४’वर ही खूण दाबली. लाल अक्षरांत आकडा आला. ते म्हणाले, ‘‘मॅडम, हा तर मी कोणालाच सांगितला नव्हता.’’ मी म्हटलं, ‘‘काका, तुमच्याआधी बऱ्याच जणांना सुचला होता.’’

आता प्रत्यक्ष वापर. पासवर्ड तयार करणारं यंत्र आतच आहे. लांबी ठरवायची पट्टी, मोठी-लहान अक्षरं, आकडे, चिन्हं. इन्कम टॅक्स पोर्टल आठ ते चौदा अक्षरं घेतं, म्हणून आम्ही सरसकट चौदावर ठेवतो. सारखी दिसणारी अक्षरं टाळण्याची एक सोय आहे, ती सुरू ठेवाच. क्लायंटला कधी फोनवर सांगायची वेळ आली तर शून्य की ओ, एक की एल, यावरून होणारं भांडण वाचतं. आणखी एक बारीक सोय मला फार उपयोगी पडते: प्रत्येक एंट्रीचे आधीचे काही पासवर्ड आत राहतात. नवा सेव्ह झाला आणि पोर्टलने तो घेतलाच नाही, वीज गेली, सेशन संपलं, असं झालं की जुना तिथे सापडतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात याची किंमत कळते.

एक्सेलमधून आत आणणं सोपं आहे, शीटची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, करायची आणि इम्पोर्ट. त्यानंतर मात्र ती सीएसव्ही डाउनलोड्समध्ये तशीच पडलेली असते, उघडी, दोनशे लोकांच्या चाव्या घेऊन. ती डिलीट करा, रिसायकल बिन रिकामी करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा पेन ड्राइव्हवर कधी पाठवली होती का ते आठवा. हे काम सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करत नाही.

साइटवर गेलं की कंट्रोल-शिफ्ट-एल दाबायचं, आयडी आणि पासवर्ड भरले जातात. पुन्हा दाबलं की त्याच साइटचं पुढचं लॉगिन येतं. एकट्या माणसाची एका साइटवर दोन-तीन लॉगिन असतात, त्याला हे छान. आमची एकाच पत्त्यावर दोनशे. तिथे हे बटण दाबत बसणं म्हणजे जपमाळ ओढणं. आम्ही मग शोधपेटीतून जातो. प्रत्येक एंट्रीला आडनाव, नाव, मग ‘आयटी’ किंवा ‘जीएसटी’ असं ठरावीक साच्यात नाव दिलं. जन्मतारीख आणि नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे जादा रकान्यांत टाकले, ओटीपी कोणाच्या फोनवर जाणार आहे ते कळावं म्हणून. एकट्या नौपाड्यात आमच्याकडे जोशी किती आहेत हे मला हे काम करताना कळलं. वडिलांचं नाव घातल्याशिवाय भागेना.

ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती असा फायदा वेगळाच निघाला. बिटवॉर्डन साइटचा पत्ता बघून पासवर्ड पुढे करतं. रिफंडच्या दिवसांत ‘तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, येथे क्लिक करा’ असे मेसेज क्लायंट घाबरून आम्हाला फॉरवर्ड करतात. उघडलेलं पान अगदी हुबेहूब असतं, अशोकस्तंभासकट. ऑफिसातल्या मुलीने एकदा तसं एक पान उघडलं, आणि म्हणाली, ‘‘मॅडम, यात आपली यादी येत नाहीये.’’ आली नाही कारण पत्ता इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन नव्हता, मध्ये एक जादा आडवी रेघ आणि शेवटी भलतंच काहीतरी होतं. डोळा चुकला असता. सॉफ्टवेअर अक्षर अन् अक्षर जुळवतं, त्याला अशोकस्तंभाचं काही वाटत नाही.

आता मास्टर पासवर्ड, म्हणजे बिटवॉर्डन उघडायचा एकमेव मुख्य पासवर्ड. सगळं त्याच्यावर उभं आहे. बिटवॉर्डन किमान बारा अक्षरं मागतं. तो शब्द त्यांच्याकडे जात नाही, तिजोरी, म्हणजे सगळ्या पासवर्डचा कुलूपबंद साठा, तुमच्या मशीनवरच उघडते-मिटते. म्हणूनच विसरलात तर त्यांना फोन करून काही उपयोग नाही. खातं पुसून नव्याने सुरू करणं एवढंच उरतं. प्रत्येक अंदाजावर सहा लाख वेळा गणित फिरवायला लावायची त्यांची नेहमीची मांडणी आहे, त्यामुळे चोराच्या कार्डाचा वेग पार उतरतो. पण २०२२ मध्ये लास्टपास या दुसऱ्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या होत्या. अशा वेळी आतलं वाचतं की नाही हे तुमचा मास्टर पासवर्ड किती जाड आहे त्यावर ठरतं. तिथे मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल घालणाऱ्याला सहा लाख काय, साठ लाख फेरेही फारसे वाचवणार नाहीत.

यासाठी आरनॉल्ड राइनहोल्ड या माणसाने १९९५ मध्ये डाइसवेअर नावाची युक्ती मांडली. ७,७७६ शब्दांची यादी, पाच वेळा फासा टाकायचा, येईल तो शब्द घ्यायचा, असे पाच-सहा शब्द. ७,७७६ का, तर सहाचा पाचवा घात. बिटवॉर्डन अशी शब्दमाळ बनवून देतं, पण इंग्रजीत, आणि ती माझ्या डोक्यात राहीना. मग मी सोसायटीच्या गणपतीतला हाउजीचा डबा आणला आणि घरातला जाडजूड मराठी शब्दकोश. पहिली सोंगटी काढायची, तिला दहाने गुणायचं, ते पान. सोंगटी परत डब्यात. दुसरी काढायची, त्या पानाच्या डोक्यापासून तेवढा शब्द मोजायचा. नव्वद गुणिले नव्वद, ८,१०० शक्यता, म्हणजे डाइसवेअरहून थोड्या जास्तच. पाच शब्द काढले. माझे सांगणार नाही, पण पखाल, तिरसट, कुरण, सवलत, घोंगडी अशा जातीचे निघतात. आवडला नाही म्हणून शब्द टाकून दुसरा काढायचा नाही. आवड आली की माणूस ओळखीच्या वाटेला जातो, आणि चोराला तीच वाट पाठ असते. चित्र मनात आपोआप तयार होतं. तिरसट माणूस, कुरणात, पखाल घेऊन.

एक अडचण येते. शब्द मराठी, टाइप करायचे रोमन लिपीत, तर घोंगडीचं स्पेलिंग आज एक आणि उद्या दुसरं. पहिल्याच दिवशी प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग ठरवून कागदावर लिहावं. तो कागद माझ्या बँकेच्या लॉकरमध्ये आहे, दोन टप्प्यांच्या लॉगिनचा (पासवर्डनंतर दुसरी खात्री मागणाऱ्या लॉगिनचा) अडीनडीचा रिकव्हरी कोडही त्याच्याबरोबर. कागदावर लिहू नये म्हणतात ते मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीबद्दल खरं आहे. लॉकरबद्दल नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास कोणीतरी विचारतं, पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायचा असतो ना? हा नियम अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या २००३ च्या कागदपत्रांतून जगभर पसरला. ते लिहिणाऱ्या बिल बर यांनी स्वतःच २०१७ मध्ये त्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला, आणि त्याच वर्षी निस्टने ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती नको असं लिहिलं. सक्ती केली की ‘पावसाळा १’चा ‘पावसाळा २’ होतो, दुसरं काही होत नाही. आम्ही बदलतो ते माणूस ऑफिस सोडून गेला की, किंवा पासवर्ड चोरीच्या यादीत निघाला की.

या सॉफ्टवेअरकडून भलत्या अपेक्षा ठेवू नका. कळंबोलीला आमचे एक ट्रान्सपोर्टवाले क्लायंट आहेत, त्यांना जून २०१७ अजून आठवतो. नॉटपेट्या नावाचा कॉम्प्युटर व्हायरस जगभर पसरला, मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा बसल्या आणि न्हावाशेवाला जेएनपीटी बंदरात त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरच्या गाड्या जागच्या जागी. माझ्यासारखीला त्यातली दचकवणारी गोष्ट अशी, की तो शिरला होता युक्रेनमधल्या एका टॅक्स-अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आत शिरल्यावर कॉम्प्युटरच्या मेमरीत पडलेले पासवर्ड उचलून तो शेजारच्या मशीनवर जायचा. पासवर्ड चौदा अक्षरी असला काय आणि चाळीस अक्षरी असला काय, उचलणाऱ्याला दोन्ही सारखेच. म्हणून क्रॅक केलेलं अकाउंटिंग सॉफ्टवेअर असलेल्या मशीनवर बिटवॉर्डन टाकणं निरर्थक आहे. आणि तिजोरी आपोआप बंद व्हायची वेळ कमी ठेवा. आम्ही पंधरा मिनिटं ठेवली आहे. चहावाला, कुरियरवाला, रिटर्नची प्रिंट घ्यायला आलेले आजोबा, सगळे आमच्या स्क्रीनमागूनच जातात.

पैशांचं. एकट्यासाठी फुकट आवृत्ती पुरेशी आहे. पासवर्ड कितीही, फोन-लॅपटॉप कितीही. ऑफिससाठी हिशोब बदलतो. फुकटात दोनच माणसांना वाटून घेता येतं, आम्ही तीन-चार, म्हणून माणशी दरमहा पैसे भरायची योजना घ्यावी लागली, डॉलरमध्ये, परदेशी व्यवहार सुरू असलेल्या कार्डावर. त्यात गट पाडता येतात: जुलैच्या मुलाला पगारदारांची लॉगिन तेवढी, जीएसटीची नाहीत. पासवर्ड न दाखवता नुसता भरू देण्याचीही सोय आहे, पण कंपनी स्वतःच सांगते की हुशार माणसाला तो तरीही काढता येतो. तेव्हा मुलगा गेला की त्याच्या गटातले पासवर्ड आम्ही बदलतोच. मोफत काही हवं असेल तर कीपास हे याच जातीचं सॉफ्टवेअर आहे, २००३ पासूनचं, सगळं एका फाइलमध्ये. घरच्यासाठी मी तेच सुचवेन. ऑफिसात चार जण एकच फाइल उघडून बसले की कोणाचा बदल राहिला यावर दिवस जातो.

जांभळी नाक्याचे एक शेठ मात्र यातलं काही घेणार नाहीत. ‘‘ताई, मी मरेपर्यंत चोपडीत लिहिणार.’’ लिहा म्हटलं. त्यांचा पासवर्ड आता यंत्राने काढलेला चौदा अक्षरी आहे, लाल चोपडीत, गल्ल्याखालच्या तिजोरीत. युक्रेनहून तिथे कोणी पोहोचत नाही. आणि तो पासवर्ड वापरलाही जातो आमच्याच ऑफिसात.

घ्यावं का? माझ्यासारखं काम करणाऱ्यांनी जरूर घ्यावं, पण मे महिन्यात. जूननंतर सुरुवात केलीत तर अर्धी लॉगिन शीटमध्ये आणि अर्धी आत राहतील. एका साइटवर शेकडो लॉगिन असणारा अकाउंटंट हा त्यांचा मुख्य गिऱ्हाईक नव्हे, हे वापरताना जाणवत राहतं. क्लायंट निवडला की त्याचं आयटी, जीएसटी, टीडीएस सगळं एका पानावर यावं असं मला हवं आहे. तोवर आडनावाची पहिली चार अक्षरं टाइप करून भागवतो आहोत, आणि जोशी असतील तर वडिलांचं नाव.